नाकावरचं वजन

तांडेल कुणाकडेही जेवायला गेले की त्यांच्या काखेत वजनकाटा असायचा. आपण वर उभं राहून स्वतःचं वजन करतो तसला, गुलाबी, टॉवेलात गुंडाळलेला. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं भेट आणलीय. मी आपली "अहो, कशाला उगाच," म्हणत हात पुढे केला. त्यांनी तो काटा माझ्या हातात न देता सोफ्याखाली सावलीत सरकवला आणि हात धुवायला गेले. मागून नवऱ्यानं सांगितलं की खाली गाडीत ठेवला तर उन्हानं त्याची स्प्रिंग बिघडते, म्हणून ते वर घेऊन येतात. मला मेलीला हसू आवरेना. नवऱ्यानं डोळे वटारले तशी मी स्वयंपाकघरात पळाले.

तांडेल हे काही त्यांचं नाव नव्हे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले मुसलमान गृहस्थ, सौदीतल्या दम्मामला येण्याआधी वीस वर्षं मचव्यावर तांडेल होते, म्हणजे होडीवरचे मुख्य. नाव तेच पडलं, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, काय होतं ते बहुधा आमच्या अरब मालकाला, कफीललाच ठाऊक असेल. माझा नवरा ज्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा तिथं ते ड्रायव्हर होते. त्यांचं मुख्य काम एकच, ट्रेलर ओढायचं. हा ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर होतं. आत पलंग, फ्रिज, शेगडी, अगदी मागच्या टोकाला न्हाणीघर. वाळवंटात पाइपलाइनच्या कामावर जाणारा अमेरिकन इंजिनिअर त्यात राहायचा, आणि तांडेल ते घर इथून तिथं नेऊन ठेवायचे. घर चांगलं भरभक्कम होतं, पण ओढायला कफीलनं दिली होती ती साधी हलकी पिकअप. मोठी गाडी मागितली की कफील म्हणायचा, ओढतेय ना, मग झालं.

"ओढणं सोपं हाय हो," तांडेल म्हणायचे, "गाढवपण ओढील. थांबवायचं कसं ते विचारा."

त्यांचं सगळं शास्त्र त्या गुलाबी काट्यावर चालायचं. ट्रेलरचा पुढचा दांडा पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसतो, त्या जागेला ते 'नाक' म्हणत. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा, वर थोडं जास्त, एवढा भार त्या नाकावर यायलाच हवा. कमी आला तर मागचं घर शेपटीसारखं हलायला लागतं आणि पुढच्या गाडीला घेऊन आडवं होतं. जास्त आला तर हलक्या पिकअपचं बूड बसतं आणि पुढची चाकं रस्ता सोडू बघतात. निघण्याआधी ते विटेवर फळीचं एक टोक ठेवत, दुसरं काट्यावर, मध्ये विटेच्या जवळ ट्रेलरचं नाक टेकवत, काटा वाचत आणि आलेल्या आकड्याला तीननं गुणत. मग आत जाऊन तांदळाची गोणी फूटभर पुढं सरकवत. पुन्हा काटा. ह्या सगळ्याला पिकअपचं इंजिन तापायला लागतो त्याहून जास्त वेळ जायचा. अमेरिकन इंजिनिअर कपाळाला हात लावून बसायचा.

मी भारतीय शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवायची. एकदा जेवताना तांडेलांनी मला विचारलं की आकड्याला तीननंच का गुणायचं, कुणीतरी त्यांना नुसतं सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. मी ताटाच्या कडेला चमचा ठेवून तरफ समजावली, टेकू इथं, भार इथं, काटा तिथं तिप्पट लांब. पापलेटचा तुकडा भार म्हणून ठेवला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग फळीवरची जागा बदलली तर चारनं गुणावं लागेल का, असं विचारलं. दहावीच्या वर्गात चाळीस पोरांपैकी एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मी हो म्हटल्यावर त्यांनी भार उचलून खाल्ला. त्या दिवसापासून ते मला टीचरबाय म्हणायला लागले आणि त्यांच्या हिशेबी दम्माममध्ये वजनातलं समजणारी दोनच माणसं उरली, एक ते आणि एक मी. मी पण जरा फुगलेच, खोटं कशाला बोलू?

हे वेड त्यांना लागलं कसं, ते तेच हसत हसत सांगायचे. सौदीला आल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांना जवळच्या कतीफ गावातल्या एका इमारतीसाठी चाळीस कमोड उघड्या ट्रेलरवर घालून न्यायला सांगितलं. तांडेलांनी ते मचवा भरावा तसे भरले. होडीचा पुढचा भाग हलका ठेवायचा म्हणजे ती लाट चढते, जड माल मागे. वीस वर्षांची सवय ती. कतीफच्या अलीकडे ट्रेलर नाचायला लागला, त्यांनी घाबरून कचकन ब्रेक दाबला आणि चाळीसच्या चाळीस कमोड रस्त्यावर. लोक खजुराच्या बागांतून बघायला आले. "दर्यात बूड जड लागतं आणि रस्त्यावर नाक," असं म्हणून ते गोष्ट संपवायचे, "ह्या देशात आलो नि मला सगळं उलटं शिकावं लागलं." त्यानंतर बारा-तेरा वर्षांत त्यांचं वजन एकदाही चुकलं नव्हतं, आणि हे वाक्य ते जेवायच्या आधी बिस्मिल्ला म्हणावं इतक्या नेमानं म्हणायचे.

त्यांचे बाकीचे नियम विचारू नका. वेग ऐंशीच्या वर नाही, मागून कुणी कितीही हॉर्न मारो. दर तासाला थांबून हातानं टायर चाचपायचे, गरम लागतात का बघायला, अगदी आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा हात लावायचे. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे ट्रेलर चालू असताना आत माणूस बसवायचा नाही. एकदा त्या अमेरिकन इंजिनिअरला पाठदुखी होती म्हणून तो आत आडवा झाला. तांडेलांनी चावी काढून खिशात घातली आणि पिकअपच्या सावलीत बसून राहिले. तासाभरानं साहेब आपण होऊन पुढे येऊन बसला.

मग ते युद्धाचं वर्ष आलं. इराकनं कुवेत घेतलं, आमच्याकडे अमेरिकन फौजा उतरल्या, आणि जानेवारी उजाडेपर्यंत खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायची आमची तीन रिळं संपली होती. इंजिनिअर केव्हाच आपल्या देशी गेला होता. शाळा बंद. मला सातवा सरत आला होता. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाई आधीच घाबरलेल्या. त्यांचं म्हणणं, माहेरी जायचं असेल तर आत्ता, त्यांनी दिलेल्या पत्रावर विमान कंपनी मला येत्या गुरुवारपर्यंतच घेईल, शुक्रवारपासून नाही. जवळच्या विमानतळावर आता लष्कराची गर्दी, आमच्यासारख्यांना तिकीट मिळेना. मिळालं ते जेद्दाहून, गुरुवारी दुपारचं. म्हणजे अख्खा देश आडवा ओलांडायचा, हजारावर किलोमीटर, ते गुरुवारच्या आत. चुकलं तर सायरन आणि चिकटपट्ट्यांच्या घरात बाळंतपण. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते, रात्री उशीत तोंड घालून रडत होते.

तेवढ्यात कफीलला ट्रेलरची काळजी लागली. माणसांची नव्हे, ट्रेलरची. दम्माममध्ये एखादं क्षेपणास्त्र त्यावरच पडेल अशी त्याची खात्री होती. तायफला त्याच्या भावाची बाग होती, तिथं नेऊन ठेवा म्हणाला. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला कफीलचं पत्र लागतं, ते त्यानं ट्रेलरच्या नावानं लिहून दिलं. त्यात ड्रायव्हर तांडेल, सोबत स्टोअरकीपर आणि त्याची बायको. तायफला ट्रेलर सोडायचा आणि तसंच खाली जेद्दाला उतरायचं. सोमवारी निघालो तर गुरुवारच्या आत आरामात पोचणार, असं तांडेलांनी बोटांवर मोजून सांगितलं. नवरा म्हणाला की चला, हिला आत पलंगावर झोपून जाता येईल. तांडेलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मी काढला. पाठ मोडून आलीय, पाय सुजलेत, आत एवढा गुबगुबीत पलंग रिकामा जाणार आणि मी पुढे अवघडून बसणार, हा कुठला न्याय? मी बरंच बोलले. तांडेल सगळं ऐकून म्हणाले, "टीचरबाय, शिव्या द्या, पण पुढं बसा."

आता माझा पराक्रम ऐका. आखातात कुणी गावी निघालं की ही बातमी आधी जिन्यात पसरते. मग एकेक बाई येते, "फक्त एक छोटीशी पिशवी हं." नाही म्हणायची सोयच नसते, कारण पुढच्या वर्षी आपली पिशवी तिनंच न्यायची असते. विमानाला वीस किलो, पण माझ्यामागे एक अख्खं घर येतंय हे कळल्यावर छोट्या पिशव्यांची खोकी झाली. जेद्दाहून बोटीनं पाठवून दे म्हणाल्या. ब्लँकेटं, दूध पावडरचे डबे, बदाम, भांड्यांचे सेट, आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी नणंदेसाठी घेतलेलं शिलाई मशीन, लोखंडी. अकरा घरांचं सामान. तांडेलांनी रविवारी दुपारी ट्रेलर मोजून, वाटून, सगळं जागच्या जागी लावून ठेवला होता. ते दुपारनंतरच्या, असरच्या नमाजाला गेले, आणि स्टोअरमधली चावी नवऱ्याकडून घेऊन, आम्ही बायकांनी ती खोकी न्हाणीघरात रचली. तिथंच का, तर वाटेत बाईमाणसानं वापरायची जागा, तांडेल अदबीनं तिकडे डोकावणार नाहीत म्हणून. वर युद्धात पाण्यात विष घालतात असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तिथला टबही काठोकाठ भरून घेतला. दाराला माझा गाऊन लटकवला. फिजिक्सची टीचर मी! पोरांना तरफेची गणितं घालून रडवणारी! सगळं वजन शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि हात झटकले.

सोमवारी सकाळी तांडेलांनी नेहमीसारखी ट्रेलरभोवती एक फेरी मारली. मला विचारलं, कालनंतर आत काही चढलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी फळी-काटा काढलाच नाही. टीचरबायचा शब्द होता ना.

रियाधच्या रस्त्यावर तेव्हा लष्करी ट्रकच ट्रक. रणगाडे लादलेले, घराएवढे, एकामागोमाग. दुपार झाली होती, रस्ता थोडा उताराला लागला होता. एक तसला ट्रक आमच्या शेजारून सुसाट गेला, वाऱ्याचा धक्का बसला आणि मागचं घर हललं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. पिकअपचं बूडच कुणीतरी धरून हिसडल्यासारखं वाटत होतं. नवरा ओरडला, ब्रेक मारा, ब्रेक मारा. तांडेलांनी ब्रेकवरून पाय उचलला, तो बाजूला ठेवला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि उजव्या हातानं डॅशबोर्डखालची एक छोटी कळ हळूहळू ओढली. त्या कळीनं फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मी दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते. ट्रेलर दोनदा आणखी झुलला, मग मागून कुणी कासरा ओढावा तशी गाडी ताणली गेली आणि आम्ही कडेच्या वाळूत जाऊन उभे राहिलो. तांडेल काहीतरी पुटपुटत होते. बहुतेक दुवा असावी.

ते उतरले. वीट, फळी, काटा. ट्रक शेजारून धडधडत जात होते आणि हा माणूस वाळूत गुडघे टेकून आकडा वाचत होता. वाचला, काच पुसली, पुन्हा वाचला. मग माझ्या खिडकीशी आले.

"टीचरबाय," ते म्हणाले, "ट्रेलरलापण सातवा लागलाय."

नवरा खाली मान घालून बसला. तांडेलांनी जाऊन दार उघडलं, मागोमाग मी. न्हाणीघराचं दार निखळून पडलं होतं, टबातलं अर्धं पाणी गालिच्यावर. आणि शिलाई मशीन पलंगावर होतं. बरोबर उशीवर, जिथं डोकं ठेवायला मी एवढी भांडले होते तिथं. मी ते बघितलं आणि तिथंच पायरीवर मटकन बसले. रडले म्हणजे अगदी पोरीसारखी हुंदके देऊन रडले. मी तुमच्याशी खोटं बोलले, मी चढवलं, असं काहीबाही बोलत होते. तांडेलांनी मला ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाण्याची बाटली आणून दिली आणि टायरांना हात लावून बघायला गेले.

सामान पुढे सरकवून निघता आलं असतं, पण त्या हिसक्यांत नाकाच्या कडीला चीर गेली होती. केसासारखी बारीक, नवऱ्याला दिसेना, तांडेलांनी नखानं दाखवली. अशा कडीवर ते तो रियाधपर्यंतसुद्धा ओढणार नव्हते. गोगलगायीच्या चालीनं पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत ट्रेलर सरकवला. तिथल्या सुदानी माणसानं सांगितलं की रियाधचे सगळे वेल्डर सध्या फौजेच्या कामाला, दोन-तीन दिवस तरी थांबावं लागेल. तीन दिवसांनी गुरुवार. बसनं जावं तर रियाधहून जेद्दाच्या बसला पाय ठेवायला जागा नव्हती.

ट्रेलर सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही, हा कफीलचा हुकूम होता. प्रवासाचं पत्रही ट्रेलरचं. तांडेल ट्रेलरच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बारा-तेरा वर्षांत त्यांनी तो कधी वाटेत टाकला नव्हता. नवरा म्हणाला, आम्ही बघतो काहीतरी, तुम्ही नोकरी सांभाळा. तांडेलांनी पिन काढली, दांडा उचलला, चाकांना दगड लावले आणि चावी सुदानी माणसाच्या हातात ठेवली. अकरा घरांची खोकी काढून पिकअपच्या मागे लादली, जड पुढे, हलकं मागे. शिलाई मशीन स्वतः उचललं. मग मला म्हणाले, यल्ला, बसा.

रियाधच्या पुढच्या नाक्यावर शिपायानं पत्र वाचून विचारलं की ट्रेलर कुठाय. तांडेलांनी अरबीत बरंच समजावलं, त्याला पटेना. शेवटी त्यांनी नुसतं माझ्या पोटाकडे बोट केलं. शिपाई एकदम लाजला, कागद परत दिला आणि खलास, जा म्हणाला. एरवी माझ्या पोटाकडे कुणी असं बोट केलं असतं तर मी त्याची खैर ठेवली नसती. त्या दिवशी मी पोट जरा पुढेच काढलं.

बुधवारी संध्याकाळी जेद्दा. गुरुवारी दुपारी विमान सुटलं आणि मी त्यात होते. महिन्याभरानं माहेरी मुलगी झाली, थोडी आधी, पण खणखणीत. बाराव्या दिवशी नवऱ्याचं पत्र आलं. युद्ध चालू होतं तरी पत्र आलं, याचंच आम्हाला कौतुक. वर सगळी खुशाली, मग खाली, बारीक अक्षरात: कफीलनं तांडेलांना बोलावून विचारलं, ट्रेलर रस्त्यात का टाकलास? स्टोअरच्या चावीचं आणि खोक्यांचं कळलं असतं तर मला त्याच दिवशी नोकरीवरून काढून, खुरूजचा शिक्का मारून घरी धाडलं असतं. तांडेल म्हणाले, माझंच वजन चुकलं. त्यांच्याकडून ट्रेलर काढून घेतला, आता यार्डात गाड्या धुतात. तू कुणाला काही लिहू नकोस, त्यांनीच बजावलंय.

मी ते पत्र घडी करून ठेवलं. कुणाला काही लिहिलं नाही. बाळंतिणीचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी मी मुलीला घेऊन दम्मामला परतले. तिच्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या त्या दोन खोल्यांत पंचवीस माणसं. तांडेल आले, आणि काखेत काटा नव्हता. मुलीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले. कंपनीतले लोक त्यांची टिंगल करायला लागले. तांडेल, वजन चुकलं हो. तांडेल, आता पोरीला उचलताना बेतानं, इकडे-तिकडे व्हायची. तेही सगळ्यांबरोबर हसत होते. मी पुऱ्या तळत होते. चार घाणे ऐकून घेतलं, पाचव्याला झारा तसाच हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, थांबा जरा, त्या दिवशी वजन तांडेलांचं चुकलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

तांडेलांनी मला पुढचं वाक्य बोलूच दिलं नाही.

"ह्या बायला काय कळतंय वजनातलं," ते सगळ्यांना मोठ्यानं म्हणाले, "पुस्तकं वाचून ट्रेलर ओढता येतो काय?"

सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, टीचर, तुमची कढई जळतेय. मला चारचौघांत असं बोलणाऱ्याला मी आजवर सोडलेलं नाही, नवऱ्याला विचारा, शाळेच्या प्रिन्सिपलना विचारा. त्या दिवशी मी परत आत गेले आणि राहिलेल्या पुऱ्या तळल्या.